रापलेली कातडी : प्रस्तावना

नाशिककराला उन्हाचं विचारलं की तो तापमान सांगतो. एप्रिलात पारा चाळिशीला टेकला म्हणजे ऊन वाढलं. जानेवारीत निफाडला थंडीचा कडाका पडला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या म्हणजे ऊन कोवळं झालं, पाठीवर घेण्याजोगं झालं. जळगाव-भुसावळच्या पाहुण्यासमोर तर आपल्या थंड हवेचा तोराच मिरवायचा असतो. पण हे पुस्तक उष्णतेवर नाही. कातडीची नासाडी करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. ते किती पोचतात हे मुख्यतः सूर्य आकाशात किती वर चढलाय यावर ठरतं, पारा किती चढलाय यावर नाही.

त्वचारोगतज्ज्ञांचा एक सोपा ठोकताळा आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर ते ऊन कातडीला बाधणारं समजावं. हा ठोकताळा नाशिकला लावून बघा. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. मे महिन्यात विसाव्या तारखेच्या आसपास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि काही क्षण सावली पायाखाली नाहीशी होते. जुलैच्या चौथ्या आठवड्यात तो पुन्हा डोक्यावर येतो, फक्त तेव्हा ढगांमुळे कुणाचं लक्ष जात नाही. आता दुसरं टोक घेऊ. डिसेंबरात २१-२२ तारखेला, वर्षातल्या सगळ्यात तिरप्या उन्हाच्या दिवशी, भर दुपारी नाशिकचा सूर्य क्षितिजाच्या वर साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. साडेपाच फुटी माणसाची सावली त्या वेळी सव्वापाच फुटांच्या आत पडते. म्हणजे भर दुपारची सावली माणसापेक्षा लांब आहे असा दिवस नाशिकच्या वर्षात एकही नाही. आणि ही भर दुपार घड्याळातल्या बाराला नसते. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं असल्यामुळे सूर्य इथे साडेबाराच्या आगेमागे माथ्यावर येतो. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणजे मुंबईपेक्षा इथे थोडे जास्तच.

या किरणांचे आपल्या कामाचे दोन प्रकार. आखूड तरंगलांबीचे ‘यूव्हीबी’ कातडीच्या वरच्या थरातच अडकतात. भाजल्यासारखी लाली आणतात आणि पेशींच्या डीएनएतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी हे जोड कापून दुरुस्त करत असते, पण दुरुस्ती दरवेळी बिनचूक होत नाही. लांब तरंगलांबीचे ‘यूव्हीए’ जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत ९५ टक्क्यांच्या आसपास असतात. ते सकाळी-संध्याकाळी आणि ढगाळ हवेतही बऱ्यापैकी येतात, साध्या काचेतून आत शिरतात आणि कातडीच्या खालच्या थरापर्यंत जातात. कातडीला ताण देणारं कोलॅजेन आणि ताणल्यावर परत जागेवर आणणारं इलॅस्टिन त्याच थरात असतं.

तिथे जे घडतं ते नीट समजलं त्याला फार वर्षं झालेली नाहीत. मिशिगन विद्यापीठात गॅरी फिशर आणि जॉन वूऱ्हीझ यांच्या गटाने १९९६-९७ मध्ये माणसांच्या कातडीवर अतिनील किरणांचे मोजके डोस देऊन दाखवलं की, लाली येण्यापुरताही डोस न देता कातडीत कोलॅजेन तोडणारी विकरं वाढतात. म्हणजे भाजलं नाही, सोललं नाही, त्यामुळे काही झालं नाही, हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक दुपारी थोडं कोलॅजेन तुटतं, शरीर ते घाईघाईने सांधतं, आणि सांध्यात कसर राहते. एका दिवसाची कसर कुणालाच दिसत नाही. तीस वर्षांच्या कसरी एकत्र आल्या की जाड, पिवळसर, खडबडीत कातडी तयार होते. तिच्यात इलॅस्टिनचे धागे तुटून त्यांचा नुसता गोळा झालेला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. गावाकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मानेवर मागून पाहिलं तर चौकटीचौकटींच्या खोल घड्या दिसतात, त्या याच. गांधी टोपीला झाप नसते. डोकं झाकलं जातं, मान आणि कान उघडेच राहतात.

हे वयामुळे नव्हे, उन्हामुळे, याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावर असतो. साठीतल्या एखाद्या बाईच्या दंडाची आतली बाजू आणि त्याच हाताची मनगटाजवळची पाठ शेजारीशेजारी ठेवून पाहा. ब्लाउजच्या बाहीखाली कातडी मऊ, एकसारखी, बारीक रेषांची. बाही संपते तिथे रेघ मारल्यासारखा रंग बदलतो, आणि खाली कोपरापासून मनगटापर्यंत ठिपके, खरखर, पातळ सुरकुत्या. बांगड्या वर सरकवल्या की त्यांच्याखालचा पट्टा पुन्हा उजळ. सगळ्या कातडीचं वय साठच. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने २०१२ मध्ये छापलेला एक फोटो याच कारणाने जगभर फिरला. अठ्ठावीस वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या अमेरिकन चालकाचा तो चेहरा होता. डावा अर्धा उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो आणि ऊन त्याच खिडकीतून येतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. मुंबई-आग्रा रस्त्यावर द्वारका चौफुलीपासून चांदवडच्या घाटापर्यंत कुठल्याही धाब्यावर जुन्या चालकांचे दोन हात पाहिले, तर उजव्या कोपराने खिडकीत किती वर्षं काढली ते कळायला डॉक्टर लागत नाही.

या विषयाचा इतिहास द्राक्षांच्या गावाशी बांधलेला आहे, हे नाशिकच्या वाचकाला ठाऊक असायला हवं. १८९४ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी खलाशांच्या कातडीचं वर्णन केलं : वर्षानुवर्षं डेकवर काढलेल्या माणसांचे जाडभरडे चेहरे आणि त्यांवर उठणारे कर्करोग. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्समधल्या बोर्दोचे डॉक्टर विल्यम द्युब्रय यांनी तेच चित्र जमिनीवर पाहिलं. त्यांचे रुग्ण द्राक्षमळ्यांत राबणारे मजूर होते. शहरात सावलीत काम करणाऱ्यांपेक्षा या मजुरांच्या चेहऱ्यावर खवले आणि कर्करोग जास्त दिसतात, आणि कारण ऊन आहे, असं त्यांनी मांडलं. १९०७ मधला त्यांचा लेख सूर्यामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगावरचाच आहे. आज बोर्दोचं नाव नाशिकला दोन कारणांनी माहीत आहे, वाइनमुळे आणि बोर्डो मिश्रणामुळे. तिसरं कारण या पुस्तकाने पुरवावं.

मात्र बोर्दोचं चित्र उचलून दिंडोरीवर ठेवता येत नाही. आपली कातडी वेगळी आहे, आणि बहुतेक पाश्चात्त्य पुस्तकं इथेच आपल्याला उपयोगी पडेनाशी होतात. गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर असतं. पेशीच्या केंद्रकावर ते छत्रीसारखं जमतं आणि डीएनएकडे जाणारे किरण बरेचसे अडवतं. त्यामुळे भारतात त्वचेचा कर्करोग कमी, एकूण कर्करोगांत साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी. सुरकुत्याही गोऱ्या माणसापेक्षा दहा-पंधरा वर्षं उशिरा येतात. पण हेच मेलॅनिन चिथावलं गेलं की डाग पडतात. आपल्याकडे उन्हाचं वार्धक्य आधी रंगात दिसतं, मग रेषांत. गालांवर आणि कपाळावर वांग, नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद सावळेपणा, गळ्यावर काळपट जाळी, डोळ्यांच्या कडेला बारीक काळे मस. वांगाला गरोदरपण, संप्रेरकं, आनुवंशिकता अशी इतर कारणंही असतात, पण उन्हाशिवाय ते क्वचितच टिकतं. आणि सावळ्या कातडीत त्याला अतिनील किरणांबरोबर साधा दिसणारा प्रकाशही खतपाणी घालतो. म्हणून नुसतं पारदर्शक सनस्क्रीन वांगाला पुरत नाही. लोहाच्या ऑक्साइडची रंगछटा असलेलं सनस्क्रीन तिथे जास्त कामाचं ठरतं.

नुकसान रंगात दिसतं, हीच आपली खरी अडचण. रंग म्हटलं की आपल्या समाजात आरोग्याचा विषय संपतो आणि लग्नाचा सुरू होतो. काळवंडलेली सून, उजळ मुलगी, ‘उन्हात जाऊ नको, काळी पडशील’. उन्हाने झालेली इजा आपण इजा म्हणून वाचतच नाही. बाईच्या चेहऱ्यावर आली तर ती सौंदर्यातली उणीव, पुरुषाच्या चेहऱ्यावर आली तर वय. दोन्ही ठिकाणी उन्हाचं नाव कुणी घेत नाही.

१९७५ हे साल या बाबतीत विचित्र योगायोगाचं आहे. त्या वर्षी हार्वर्डच्या टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ऊन लागल्यावर भाजणं की काळवंडणं यावरून कातडीचे प्रकार पाडले. आधी फक्त गोऱ्यांचे चार, आपल्यासारख्या गडद कातडीचे पाचवा-सहावा नंतर जोडले गेले. त्याच वर्षी भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं. ते पुढे २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी डागांवर तीन औषधांचं मिश्रण सुचवलं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड. (याच क्लिगमन यांनी पत्नी लोरेन यांच्यासह १९८६ मध्ये उन्हाने येणाऱ्या वार्धक्याला ‘फोटोएजिंग’ हे नाव रूढ केलं. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवरचे त्यांचे प्रयोग पुढे बदनाम झाले, तेही त्याच खात्यावर जमा आहेत.) डॉक्टरच्या नजरेखाली, मोजके आठवडे वापरायचं असं हे मिश्रण. आपल्याकडे त्याचे अवतार मेडिकलच्या काउंटरवर गोरेपणाची ट्यूब म्हणून पोचले. मैत्रिणीने सांगितलं, पार्लरवालीने दिलं, मेडिकलवाल्याने हातात ठेवलं.

पुढचा क्रम त्वचारोगतज्ज्ञांना पाठ झालेला आहे. पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि केस येतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती बंद करता येत नाही. आणि आता उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही. उन्हाच्या डागासाठी सुरू केलेलं औषध कातडीला ऊनच सोसू देत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशभरातल्या दवाखान्यांत केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ जणांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडची मलमं लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर मोहीम काढली, २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. चिठ्ठीशिवाय ट्यूब आजही मिळते, हे सांगायला कुठल्या पाहणीची गरज नाही.

आता ज्यांच्या कातडीवर सगळ्यात जास्त ऊन पडतं त्यांच्याकडे वळू. त्यांच्याकडे ट्यूबही नाही आणि तक्रारही नाही. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी पेठ, हरसूल, त्र्यंबककडून आलेल्या टोळ्या उभ्या असतात. बायकांच्या अंगावर साडीच्या वरून नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला घट्ट फडकं, त्याचं टोक हनुवटीखाली. शहरी नजरेला हा गबाळेपणा वाटतो. प्रत्यक्षात टेरिकॉटचा तो शर्ट कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा जास्त किरण अडवतो. विणलेलं दाट कापड, गडद रंग आणि पॉलिस्टरची भेसळ या तिन्ही गोष्टी उन्हाविरुद्ध उपयोगी पडतात. पातळ पांढरं सुती कापड घामाने ओलं झालं की त्याची आड कमी होते. कॉलेज रोडवर स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींचा स्टोल आणि सनकोट हा याच शर्टाचा शहरी भाऊबंद. फरक इतकाच की तिथे अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी तो असतो आणि इथे आठ तासांच्या कामासाठी.

उन्हाळ कांद्याची काढणी मार्च ते मे, म्हणजे नेमकी अतिनील निर्देशांक दुपारी अकराच्या पुढे जातो त्या दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात अकरा म्हणजे शेवटचा, अत्यंत तीव्र गट. बाई ओळीत बसून पात कापते, पाठ आणि मान आभाळाकडे. खाली मोकळी पांढुरकी माती, तीही काही किरण वर परतवते. एप्रिल छाटणीत द्राक्षबागेच्या मांडवाला पानच नसतं, त्यामुळे सावलीही नसते. आणि मणी धरल्यावर त्याच बागेत काय दिसतं ते पाहा. घड गुलाबी पडू नये, उन्हाने मण्यांवर डाग येऊ नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला असतो. हजारो घड, प्रत्येकाला कागद, हाताने. ही काळजी रास्त आहे, निर्यातीचा माल डागाळून चालत नाही. पण कागद लावणारीच्या मानेचा विचार त्याच बागेत, त्याच दिवशी, कुणाच्या मनात येत नाही, आणि तिच्या स्वतःच्याही येत नाही.

युरोपात हा विचार कायद्यापर्यंत गेला आहे. जर्मनीने २०१५ पासून उन्हात काम करणाऱ्यांना होणारा त्वचेचा एक कर्करोग आणि त्याआधीचे खवले यांना व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली. गवंडी, छपरं घालणारे, शेतकरी यांना त्याखाली उपचार आणि भरपाई मिळते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १६० कोटी माणसं कामामुळे उन्हाच्या अतिनील किरणांना सामोरी जातात. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत डांबर आणि खनिज तेलामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आला, ऊन आलं नाही. आपल्या कातडीला कर्करोग कमी होतो हे याचं एक सरळ कारण. पण इजा मोजायची तर फक्त कर्करोगच का मोजायचा? उन्हात उमर काढलेल्या माणसांच्या डोळ्यांत मांस वाढतं, मोतीबिंदूलाही उन्हाचा हातभार लागतो, खालचा ओठ भेगाळून पांढुरका पडतो. आणि ज्यांच्या शरीरात मेलॅनिनच नाही, त्यांना कर्करोगही होतो आणि तो तरुणपणी होतो.

कर्करोगाशिवायच्या इजेचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं, आणि पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा आहे. गाजरगवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५० च्या दशकात, पुण्यात. काही वर्षांतच त्या गवतामुळे शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खोबणीत जाड खाजरा इसब दिसू लागला, आणि १९७४ मध्ये लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नीट नोंद केली. त्यातल्या कित्येकांना पुढे गवत नसतानाही नुसतं ऊन सोसेनासं होतं. उघड्यावर राबणाऱ्या माणसाला डॉक्टरने ‘ऊन टाळा’ सांगणं म्हणजे काय, हे या रुग्णांकडून समजून घ्यावं.

सनस्क्रीनबद्दल पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. ते खरंच काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीत, ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हाताच्या पाठीचे ठसे घेऊन मोजलं गेलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. पण ट्यूबवर छापलेला आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावल्यावरचा असतो, आणि माणसं त्याच्या निम्मंही लावत नाहीत. कांदा काढणाऱ्या बाईने चेहरा, मान आणि दोन्ही हातांना नियमाप्रमाणे दिवसातून दोनदा लावायचं ठरवलं, तर पन्नास ग्रॅमची ट्यूब अडीच-तीन दिवसांत रिकामी होईल. तिला शर्ट, मानेवर झापड असलेली रुंद काठाची टोपी, आणि साडेअकरा ते साडेतीन कामाला सुट्टी हेच खरं औषध. त्यातलं तिसरं तिच्या हातात नाही, मालकाच्या हातात आहे. मे महिन्यात पहाटे सहाला काम सुरू करून अकराला थांबणाऱ्या टोळ्या आजही आहेत, त्यामुळे हे अशक्य नाही. उष्माघाताच्या भीतीने का होईना, वेळा बदलतात.

‘मग ड जीवनसत्त्वाचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो आणि तो विचारणारा बहुधा दिवसभर कचेरीत बसणारा असतो. त्याने चेहरा झाकून हातापायांवर थोडं ऊन घ्यावं. आठ तास रानात असणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

पुस्तकाचा शेवटचा भाग मुलांवर आहे आणि तो शिक्षकांनी आधी वाचावा. आयुष्यभराच्या उन्हातला काही वाटा शाळकरी वयातच अंगावर पडतो, आणि तेव्हाची कातडी तो मुकाट्याने साठवून ठेवते. मार्चमध्ये जिल्ह्यातल्या शाळा सकाळच्या होतात, उकाड्यापासून मुलांना वाचवायला. पारा बघितला तर निर्णय बरोबर आहे. पण ही सकाळची शाळा सुटते साडेअकरा-बाराच्या सुमाराला, आणि वाडीवस्तीवरची मुलं पुढचा अर्धा-पाऊण तास उघड्या डोक्याने चालत घरी जातात, नेमकी सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळेला. गणवेशाबरोबर काठ असलेली टोपी दिली, सुटी तासभर आधी केली किंवा शेवटचा तास सावलीत बसवून दुपार टळू दिली, यातलं काहीही एका मुख्याध्यापकाच्या अधिकारात बसतं. अशा सूचना कशा अमलात आणायच्या, त्यांना खर्च किती येतो आणि पालकांशी काय बोलायचं, ते त्या प्रकरणांत तपशिलाने दिलं आहे.